ईएसपी३२ मधले ‘बॅकडोअर’: चिप बदलायची का, आणि खरे तपासायचे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेतीपंपाची स्टार्टर पॅनेल बनवणारा एक लहान कारखाना. पॅनेलमध्ये ईएसपी३२ मॉड्यूल, म्हणजे वाय-फाय आणि ब्लूटूथ असलेली छोटी संगणक-चिप, त्यामुळे विहीर घराजवळ असेल तर वाय-फायवरून आणि पॅनेलपाशी उभे असाल तर ब्लूटूथवरून मोटार चालू-बंद करता येते. ‘या चिपमध्ये चिनी बॅकडोअर (आत शिरायचा छुपा दरवाजा) सापडले’ ही मार्च २०२५ ची बातमी अजूनही व्हॉट्सअॅपवर फिरते, डीलर विचारतात, आणि मालकांना कळायला हवे आहे की पुढच्या लॉटसाठी चिप बदलावी का.

त्या बातमीपायी चिप बदलू नका. पण याचा अर्थ तुमचे पॅनेल सुरक्षित आहे असाही घेऊ नका. बातमीत जे होते त्याने तुमचे काही बिघडत नाही, आणि ज्याने बिघडू शकते त्याची बातमी फारशी गाजलीच नाही.

आधी ती बातमी. टार्लॉजिक या स्पॅनिश कंपनीच्या संशोधकांनी माद्रिदच्या रूटेडकॉन परिषदेत ईएसपी३२ मधल्या २९ अघोषित आज्ञा दाखवल्या. चिपची मेमरी वाचणे, मेमरीत लिहिणे, ब्लूटूथचा पत्ता बदलणे, खालच्या थराचे पॅकेट हाताने बनवून पाठवणे, अशी कामे त्यांनी होतात. कंपनीने पहिल्या निवेदनात ‘बॅकडोअर’ म्हटले, टीका झाल्यावर तेच ‘लपलेली सुविधा’ असे दुरुस्त केले. तोवर मूळ बातमी जगभर गेली होती; दुरुस्तीच्या मागे कोण जातो? या प्रकाराला सीव्हीई या सुरक्षादोषांच्या जागतिक नोंदवहीत सीव्हीई-२०२५-२७८४० हा क्रमांक मिळाला आणि चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफने सांगितले की या चाचणीसाठी ठेवलेल्या डीबग आज्ञा आहेत, बाहेरून वापरता येत नाहीत, तरीही त्या बंद करण्याची सोय अपडेटमधून देऊ.

हे पटवून घ्यायचे तर ब्लूटूथचा सांधा कुठे आहे ते बघावे लागते. ब्लूटूथचे काम दोन भागांत वाटलेले असते. वरचा भाग होस्ट, त्यात तुमचा प्रोग्राम. खालचा भाग कंट्रोलर, तो प्रत्यक्ष रेडिओ सांभाळतो. होस्ट कंट्रोलरला ज्या भाषेत हुकूम सोडतो तिला एचसीआय म्हणतात. प्रत्येक हुकमाला १६ बिटांचा क्रमांक असतो, त्यातले वरचे सहा बिट गट सांगतात, आणि हेक्साडेसिमलमधला ३एफ हा शेवटचा गट ब्लूटूथच्या मानकानेच चिप बनवणाऱ्यांसाठी मोकळा सोडलेला आहे. टार्लॉजिकला सापडलेल्या आज्ञा याच गटातल्या. ब्रॉडकॉमच्या चिपमध्येही मेमरी वाचण्या-लिहिण्याच्या अशाच आज्ञा कित्येक वर्षांपासून आहेत, फोन चालू होताना फर्मवेअरचे (चिपच्या आतल्या प्रोग्रामचे) पॅच त्यांच्यातूनच चढतात. जर्मनीतल्या डार्मश्टाट तंत्रविद्यापीठाच्या मंडळींनी त्यांच्याच जोरावर इंटर्नलब्लू हे संशोधनाचे साधन उभे केले. त्यावर कुणी ‘बॅकडोअर’ म्हणून ओरड केली नव्हती.

तुमच्या पॅनेलमध्ये होस्ट आणि कंट्रोलर एकाच ईएसपी३२ मध्ये आहेत. त्या २९ आज्ञा सोडायला चिपवर स्वतःचा कोड चालवता यायला हवा. ज्याला ते जमले त्याच्या हाती रिले (मोटार चालू-बंद करणारा स्विच), पासवर्ड, सगळे आधीच आलेले असते. घरात शिरलेल्या चोराला फडताळाची किल्ली सापडली, एवढाच त्या आज्ञांचा अर्थ. एक अपवाद मात्र आहे. काही जण दुसऱ्याच प्रोसेसरवर होस्ट चालवतात आणि ईएसपी३२ फक्त ब्लूटूथचा रेडिओ म्हणून सिरियल तारेने जोडतात. तिथे वरचा प्रोसेसर ताब्यात गेला, तर हल्लेखोर खाली रेडिओच्या चिपमध्येही घर करू शकतो. तुमचा तो प्रकार नाही. आणि हे सगळे फक्त मूळ ईएसपी३२ पुरते; एस, सी आणि एच या मालिकांतल्या चिपमध्ये त्या आज्ञाच नाहीत.

आता ज्याचा बोभाटा झाला नाही ते. २०२१ मध्ये सिंगापूरच्या एसयूटीडी विद्यापीठातल्या मातेउस गार्बेलिनी आणि सहकाऱ्यांनी ‘ब्रॅकटूथ’ नावाने क्लासिक ब्लूटूथमधल्या (म्हणजे जुन्या, मूळ पद्धतीच्या ब्लूटूथमधल्या) दोषांची मालिका प्रसिद्ध केली. ११ कंपन्यांच्या १३ चिप त्यांनी तपासल्या. इंटेल, क्वालकॉम, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, सगळे त्यात होते. बहुतेक दोषांनी चिप अडकते किंवा रीस्टार्ट होते, तेवढेच. सर्वांत वाईट दोष निघाला तो नेमका ईएसपी३२ मध्ये: सीव्हीई-२०२१-२८१३९.

तो कसा चालतो ते बघा, कारण रेडिओच्या चिपमधले बरेच दोष याच जातीचे असतात. दोन ब्लूटूथ उपकरणे जोडली जाताना ‘मला काय काय येते’ याची यादी एकमेकांना पाठवतात. यादी पानापानांनी येते, प्रत्येक पान आठ बाइटचे, सोबत पानाचा क्रमांक. ईएसपी३२ ची लायब्ररी तो क्रमांक घेऊन आपल्या तक्त्यात त्या जागी आठ बाइट लिहायची. क्रमांक तक्त्यात बसतो का, हे तपासायची नाही. समोरच्याने मुद्दाम भलता क्रमांक पाठवला की त्याने निवडलेले आठ बाइट तक्त्याच्या बाहेर, मेमरीत दुसऱ्याच कशावर तरी जाऊन बसतात. आठ बाइट म्हणजे दोन पत्ते. कोड कुठे उडी मारेल हे वळवायला तेवढे पुरते. संशोधकांनी यातून चिपचा साठवलेला डेटा पुसून दाखवला, वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करून दाखवले, आणि जीपीआयओ पिनांवर, म्हणजे बाहेरची उपकरणे चालवणाऱ्या पिनांवर, ताबा मिळवता येतो हेही मांडले. तुमचा रिले जीपीआयओवरच आहे.

यासाठी पेअरिंग लागत नव्हते. पासवर्ड नाही, पिन नाही. रेंजमध्ये असणे आणि उपकरणाचा ब्लूटूथ पत्ता ठाऊक असणे पुरे. आणि हल्ला करायला त्यांनी वापरला तोही बदललेल्या फर्मवेअरचा ईएसपी३२ बोर्डच. म्हणजे २०२५ च्या बातमीत ‘या चिपमधून हवे ते पॅकेट सोडता येते’ म्हणून जो गजहब झाला, ते काम चार वर्षांपूर्वी उघडपणे होऊन गेले होते. २०२१ मध्ये एकाही डीलरने तुम्हाला फोन केला नसेल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

चिपच्या दोषाची कुठलीही बातमी आली की मी पहिल्यांदा एवढेच बघतो: हल्लेखोर कुठे उभा आहे? चिपच्या आत, तारेच्या टोकाला, की हवेत? मेमरी वाचण्या-लिहिण्याची तीच ताकद हवेतून मिळाली तर काय होते, याचे ताजे उदाहरण जून २०२५ चे आहे. मीडियाटेकच्या घरातली तैवानची ऐरोहा कंपनी ब्लूटूथ हेडफोनच्या चिप बनवते. सोनी, बोस, जेबीएल, मार्शल यांच्या काही मॉडेलांत त्या बसतात. ईआरएनडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या संशोधकांना आढळले की कारखान्यातल्या चाचणीसाठी ठेवलेला एक प्रोटोकॉल विक्रीच्या हेडफोनमध्येही चालू राहिला होता, आणि तो ब्लूटूथवरून, पेअरिंगशिवाय, कोणाशीही बोलत होता. त्यातून हेडफोनची रॅम आणि फ्लॅश (कायमची साठवणूक) वाचता येत होती. फ्लॅशमध्ये असते मालकाच्या फोनशी जुळवलेली गुप्त चावी. ती उचलली की हल्लेखोर त्या फोनला सांगतो, ‘मी तुझाच हेडफोन’, आणि फोन विश्वास ठेवतो. एस्प्रेसिफच्या आणि ऐरोहाच्या आज्ञा कामाने जवळपास सारख्याच. फरक फक्त त्या कोणत्या बाजूने पोचतात याचा, आणि सगळा धोका त्या फरकात आहे.

रेडिओच्याच चिपमध्ये हे इतके का सापडते? कारण ती चिप स्वतः एक छोटा संगणक असते. तिचे फर्मवेअर बंद, बाहेरच्या कुणी न वाचलेले, आणि अनोळखी माणसाने पाठवलेला प्रत्येक बाइट आधी तिच्याच पुढ्यात येऊन पडतो. २०१७ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधन गटातल्या गाल बेनियामिनी यांनी ब्रॉडकॉमची वाय-फाय चिप उलगडून दाखवली. आत एआरएमचा कॉर्टेक्स-आर४ प्रोसेसर. फोनच्या मुख्य प्रोसेसरवर जी संरक्षणे तेव्हा वर्षानुवर्षे रुळलेली होती, त्यातले काहीच तिथे नव्हते: स्टॅकवर (प्रोग्रामच्या तात्पुरत्या नोंदींच्या जागेवर) पहारा नाही, आणि सगळी मेमरी वाचायला, लिहायला आणि चालवायला मोकळी. त्याच वर्षी जुलैत निताय आर्टेनस्टाइन यांचे ‘ब्रॉडपॉन’ आले. फोनधारकाने कशावर बोटही न लावता, नुसता वाय-फाय चालू असताना चिप ताब्यात जात होती. आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही त्यात सापडले, कारण वरचा फोन कोणाचाही असला तरी आतली चिप एकाच घराण्यातली होती.

आणखी एक प्रकरण तुमच्या कामाचे आहे. ‘वाय-फायला पासवर्ड आहे, मग एमक्यूटीटीला वेगळे टीएलएस कशाला’ असे पॅनेलवाले हमखास विचारतात. (एमक्यूटीटी म्हणजे पॅनेल आणि सर्व्हर यांच्यातली निरोपांची पद्धत, टीएलएस म्हणजे त्या निरोपांवरचे एन्क्रिप्शन.) फेब्रुवारी २०२० मध्ये ईसेट कंपनीने ‘क्रुक’ हा दोष जाहीर केला, ब्रॉडकॉम आणि सायप्रसच्या वाय-फाय चिपमधला. कनेक्शन तुटले की चिप आपली गुप्त चावी शून्यांनी पुसत असे. ते योग्यच. पण पाठवायच्या रांगेत जो डेटा शिल्लक असेल तो टाकून देण्याऐवजी ती त्या शून्य चावीने एन्क्रिप्ट करून हवेत सोडत असे. शून्य चावी सगळ्या जगाला ठाऊक. शिवाय कनेक्शन तोडायला पासवर्ड लागतोच असे नाही. साध्या डब्ल्यूपीए२ मध्ये (वाय-फायच्या नेहमीच्या सुरक्षा पद्धतीत) खोटी ‘डिसअसोसिएट’ फ्रेम कोणीही पाठवू शकतो. पुन्हा पुन्हा तोडत बसायचे आणि दर वेळी सांडलेले वेचायचे. एस्प्रेसिफची चिप त्या यादीत नव्हती, पण शेतकऱ्याच्या घरातला राउटर कोणत्या चिपचा आहे हे तुम्हाला सांगता येणार नाही. टीएलएस असेल तर खालचा थर फुटला तरी वरचा मजकूर झाकलेला राहतो. टीएलएस हवे ते यासाठी.

आता तुमच्या पॅनेलकडे. फर्मवेअर आर्डुइनोवर लिहिले आहे असे तुम्ही म्हणता. तर पहिला प्रश्न: ईएसपी३२ ची कोर (आर्डुइनोत या चिपसाठी घ्यावा लागणारा तयार कोडचा संच) कोणत्या आवृत्तीची आहे? पुष्कळ कारखान्यांत आजही १.०.६ दिसते, कारण २ वर गेलो तर एखादी लायब्ररी रुसते आणि ३ वर गेलो तर पीडब्ल्यूएम (पिनवर ठोक्यांचे सिग्नल देणे) आणि टायमरचा कोड नव्याने लिहावा लागतो. १.०.६ ही मार्च २०२१ ची, ब्रॅकटूथ प्रसिद्ध झाले त्याच्या काही महिने आधीची. आणि ब्लूटूथ कंट्रोलरचा कोड तुमच्या हाती कधीच सोर्समध्ये येत नाही, तो तयार लायब्ररी म्हणून कोरसोबत येतो. तुम्ही कोर बदलून, पुन्हा कंपाइल करून, पॅनेलवर चढवल्याशिवाय एस्प्रेसिफने केलेली कुठलीही दुरुस्ती शेतकऱ्याच्या विहिरीपर्यंत पोचत नाही. फोनवाला सॅमसंगच्या अपडेटची वाट बघतो, तसा तुमचा ग्राहक तुमच्या अपडेटची वाट बघतो आहे, फक्त त्याला ते माहीत नाही.

दुसरे, ब्लूटूथ खरेच लागते का? कोडमध्ये ‘ब्लूटूथ सिरियल’ लायब्ररी असेल तर क्लासिक ब्लूटूथ चालू आहे आणि ब्रॅकटूथची वाट तीच. पहिल्या दिवशी वाय-फायचा पासवर्ड भरण्यापुरते ब्लूटूथ हवे असेल, तर एक बटण दाबल्यावर पाच मिनिटे ते चालू ठेवा आणि मग बंद करा. बीएलईवर, म्हणजे कमी विजेच्या नव्या ब्लूटूथवर, नेले तर आणखी चांगले. बीएलई म्हणजे सोवळे असेही नाही. ब्रॅकटूथच्याच चमूने २०२० मध्ये ‘स्वेनटूथ’ नावाने बीएलई चिपमधले डझनभर दोष काढले होते. पण जो रेडिओ बंद आहे त्यावर हवेतून हल्ला होत नाही.

तिसरी गोष्ट मला या सगळ्यांपेक्षा मोठी वाटते, आणि तिचा रेडिओशी संबंधही नाही. पॅनेल रानात उघड्यावर असते, आणि स्टार्टर, केबल, मोटार चोरीला जाणे शेतकऱ्याला नवे नाही. चोरलेला किंवा भंगारात गेलेला एक बोर्ड घ्या, यूएसबीने जोडा, ईएसपीटूल या एस्प्रेसिफच्या मोफत साधनाने चारही मेगाबाइट फ्लॅश उतरवा. काही मिनिटांचे काम. त्या फाइलमधून नुसता वाचता येण्याजोगा मजकूर गाळून काढला की फ्लॅश एन्क्रिप्शन नसलेल्या बोर्डात वाय-फायचे नाव आणि पासवर्ड सरळ समोर येतात. त्याच्याच आसपास तुमच्या एमक्यूटीटी सर्व्हरचा पत्ता, यूजर आणि पासवर्ड. आता खरे सांगा, तो यूजर-पासवर्ड प्रत्येक पॅनेलला वेगळा आहे का? छोट्या उद्योगांच्या उत्पादनांत तो बहुधा सगळ्यांना एकच असतो आणि सर्व्हरवर कोणी कोणत्या टॉपिकवर (निरोपांच्या कप्प्यात) लिहायचे याला आडकाठी नसते. म्हणजे एका बोर्डातून सगळ्या तालुक्यातल्या मोटारी. यासाठी माद्रिदला जायची गरज नाही.

याचा उपाय चिप बदलणे हा नाही. दर पॅनेलला वेगळी ओळख द्या, सर्व्हरवर त्याला फक्त त्याचाच टॉपिक खुला ठेवा. फ्लॅश एन्क्रिप्शन आणि सिक्युअर बूट (तुमची सही असलेलाच प्रोग्राम चालू देणारी सोय) चालू करा. दोन्ही ईफ्यूजमध्ये, म्हणजे चिपमधल्या एकदाच लिहिता येणाऱ्या बिटांत, कायमचे जळतात, मागे फिरता येत नाही, म्हणून आधी चार-पाच बोर्डांवर सराव करा आणि सही करायची चावी दोन ठिकाणी जपा. ती हरवली तर विकलेल्या एकाही पॅनेलला पुन्हा अपडेट देता येणार नाही. जुन्या ईएसपी३२ वर व्होल्टेजचा झटका देऊन हेही मोडता येते हे २०१९ मध्ये दाखवले गेले आहे, म्हणून नवा माल ‘व्ही३’ रिव्हिजनचाच मागवा. बाजारात अजून जुना स्टॉक फिरतो, डबीवरच्या लेबलवर विसंबू नका, ईएसपीटूल रिव्हिजन सांगतो. अर्थात त्या झटक्याला प्रयोगशाळा आणि चिकाटी लागते. स्टार्टर चोरणारा त्या वाटेला जाणार नाही. त्याची काळजी शेवटी करा.

हवेतून अपडेट देत असाल तर तो साध्या एचटीटीपीवरून, सहीशिवाय येतो का ते बघा. येत असेल तर वरच्या सगळ्या दोषांपेक्षा सोपी वाट तुम्ही स्वतःच ठेवली आहे.

एका गोष्टीकडे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचे लक्ष जात नाही, वायरमनचे जाते. रेडिओच्या दोषांपैकी बहुतेकांचा परिणाम एवढाच की चिप रीस्टार्ट होते. ईएसपी८२६६ मध्ये तर २०१९ चा एक दोष असा होता की बाजूला बसून बिघडलेली बीकन फ्रेम (राउटर आपले अस्तित्व कळवायला सोडतो ते पॅकेट) सोडली की जुन्या फर्मवेअरची चिप कोसळायची. आता पॅनेल रीस्टार्ट झाल्यावर रिले काय करतो? ईएसपी३२ च्या १४ आणि १५ सारख्या काही पिना बूट होताना क्षणभर स्वतःहून सिग्नल देतात. रिले तिथे असेल तर कॉन्टॅक्टर (मोटारीची वीज जोडणारा मोठा स्विच) फडफडतो, आणि कोणी दूर बसून दर दहा सेकंदांनी चिप पाडत राहिला तर थ्री फेज मोटारीचे वायंडिंग जळायला वेळ लागणार नाही. पिन बदला, पुल-डाउन (पिन बंद स्थितीत धरून ठेवणारा रेझिस्टर) लावा, आणि रीस्टार्टनंतर मोटार पुन्हा चालू करण्यापूर्वी काही मिनिटे थांबण्याची अट घाला. ओव्हरलोड रिले, ड्राय-रन आणि सिंगल फेजचे संरक्षण ईएसपी३२ च्या भरवशावर ठेवू नका; ते वेगळ्या सर्किटवर, तारेने, चिपला न विचारता मोटार तोडणारे हवे. म्हणजे चिप उद्या पूर्णपणे दुसऱ्याच्या ताब्यात गेली तरी तो फार तर अवेळी पाणी उपसेल, मोटार जाळू शकणार नाही.

डीलर विचारतील की डब्ल्यूपीसीचे (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाचे) ईटीए प्रमाणपत्र आहे, मग झाले ना? ते प्रमाणपत्र रेडिओची फ्रीक्वेन्सी आणि पॉवर नियमात आहे एवढे सांगते. आतल्या फर्मवेअरबद्दल त्यात काही नसते.

पुढच्या लॉटचे म्हणाल, तर क्लासिक ब्लूटूथ नको असेल तेव्हा ईएसपी३२-सी३ घ्यायला माझी हरकत नाही. तीत बीएलई आहे, क्लासिक नाही, आणि सिक्युअर बूटची सोय नव्या पद्धतीची आहे. पिना कमी आहेत, त्यामुळे पीसीबी पुन्हा करावा लागेल. पण ते बातमीसाठी नव्हे, पीसीबी तसाही बदलायचा असेल तेव्हा. आधी शेतात असलेल्या पॅनेलांचे बघा: किती बोर्ड हवेतून अपडेट घेऊ शकतात आणि कितींच्या विहिरीवर लॅपटॉप घेऊन जावे लागेल, याची यादी या आठवड्यात काढा. पावसाळ्यात मोटारी बंद असतात, तेव्हा माणूस पाठवणे सोपे जाते.